परीक्षकाचं मत

वाहन परवाना कार्यालयात बावीस वर्षं परीक्षक म्हणून काढल्यावर त्याचं स्वतःबद्दल एक मत पक्कं झालं होतं: आपल्याइतका तटस्थ माणूस शोधून सापडायचा नाही. हे मत त्याने एकट्यानेच मांडलं होतं, एकट्यानेच मंजूर केलं होतं, आणि त्यावर दुसऱ्या कोणाची सही घ्यावी असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

काम तसं सुटसुटीत. उमेदवार गाडी चालवणार, हा शेजारी बसणार. मांडीवर पॅड, पॅडच्या चिमट्यात छापील तक्ता. तक्त्यात चौतीस बाबी, प्रत्येकीपुढे बरोबर किंवा चूक, आणि तळाशी दोन चौकोन: पास, नापास. त्याखाली 'शेरा' असा एक ऐसपैस रकाना होता. त्यात तो 'निरंक' लिहीत असे. बावीस वर्षं निरंक. तो शब्द त्याच्या हाताला इतका बसला होता की एकदा बायकोने दिलेल्या वाणसामानाच्या यादीखालीही त्याने तो लिहून टाकला होता.

उमेदवाराला तो 'या, बसा' म्हणत नसे. त्यामागे विचार होता. एकाला 'या, बसा' जरा मायेने म्हटलं गेलं आणि दुसऱ्याला कोरडेपणाने, तर तो अन्याय नाही का? त्यापेक्षा कोणालाच नको. एखाद्याने घाम पुसत "आज उकडतंय फार, नाही साहेब?" असं विचारलं तरी तो समोरच्या काचेतून बघत राही. हवामानावर एकमत झालं की पुढे कशाकशावर होत जाईल, काही सांगता येत नाही. शेजारच्या टेबलावर एक तरुण परीक्षक होता. सगळे त्याला 'हसरा' म्हणत. तो उमेदवाराला गाडीत बसण्याआधी पेपरमिंटची गोळी देई. ते बघून याचा जीव वरखाली होई.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी आपल्यालाही काहीतरी नाव ठेवलंय, एवढं त्याच्या कानावर आलं होतं. कोणतं, ते कळलं नव्हतं. बहुधा 'तराजू' असावं, असा त्याने अंदाज बांधला आणि त्या अंदाजाच्या जोरावर गेली सात-आठ वर्षं तो जरा ताठ चालत होता.

घरीही तो तटस्थच. बायकोने दोन पडदे समोर धरले की "दोन्ही बरे आहेत." वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या कुंड्यांतलं पाणी वाळत घातलेल्या कपड्यांवर गळे, त्यावरून बायकोचं आणि त्यांचं वाजलं, तेव्हा याने दोघींचं ऐकून घेतलं आणि दोघींकडे बघून सारखीच मान हलवली. "तुमच्याशी भांडणं म्हणजे गादीला बुक्क्या मारणं," बायको म्हणाली. हे त्याला बरंच वाटलं. गादी कुठे कोणाची बाजू घेते?

अशात एका सकाळी त्याची थोरली बहीण घरी आली आणि तिने चहाच्या कपाशेजारी शिकाऊ परवाना ठेवला.

"छोटू, मी गाडी शिकतेय."

याचं वय चौपन्न, डोक्यावर केस मोजके, आणि भलेभले बाप्ये याच्या शेजारी बसून घामाघूम होत. पण ताईसाठी तो छोटू होता, आणि त्यावर अपील नव्हतं.

ताई एकसष्ट वर्षांची. सहा महिन्यांपूर्वी भावोजींना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात आणि पाय लुळे पडले होते, शब्द एकेक करून, ओढून काढल्यासारखे येत. आठवड्यातून तीनदा त्यांना व्यायामोपचाराला न्यावं लागे. केंद्र गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, वाटेत दोन बस बदलायच्या. दर वेळी बसच्या पायरीवर अनोळखी माणसांनी भावोजींना काखेत धरून वर चढवायचं आणि मागच्यांनी घड्याळं बघायची. आणि घराखाली भावोजींची गाडी खोळ घालून उभी. ताईने आयुष्यात कधी तिच्या स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

"या वयात?" त्याची बायको म्हणाली. "ताई, अहो तरुण माणसांची त्रेधा उडते रस्त्यावर. कुठे लागलं-खुपलं तर भावोजींना कोण बघणार?"

"आणि आता कोण बघतंय?" ताई म्हणाली. दोघींचेही आवाज चढले आणि मग, कसं कोण जाणे, दोघीही एकदम त्याच्याकडे वळल्या.

"अहो, तुम्ही सांगा. तुमचा तर धंदाच आहे हा."

"हां, सांग छोटू. चालवू की नको?"

तो खाकरला. "नियमानुसार नातेवाइकांची परीक्षा मला घेता येत नाही."

"परीक्षा कोण घे म्हणतंय? मत विचारतेय."

"मी यात तटस्थ आहे," तो म्हणाला, आणि कप उचलून गॅलरीत गेला. तिथे त्याने झाडांना पाणी घातलं. बायकोने तासाभरापूर्वीच घातलं होतं. कुंड्या वाहू लागल्या.

दोन दिवसांनी ताईच्या मुलाचा फोन आला. तो नोकरीनिमित्त दूर राहत होता. "मामा, आईला तुम्हीच थांबवा. तुमचं ऐकेल ती." भाचा कळवळून बोलत होता. "तुझं म्हणणं बरोबर आहे," तो म्हणाला. संध्याकाळी ताईचा फोन आला. पोरगा कसा सगळं तिथून ठरवतो, असं ती तावातावाने सांगू लागली. "तुझंही बरोबर आहे," तो म्हणाला. फोन ठेवताना त्याला शांत, समतोल वाटत होतं. मायलेक एकमेकांशीही बोलतात, ही शक्यता त्याने धरलीच नव्हती.

"त्याला म्हणालास त्याचं बरोबर, मला म्हणालास माझं बरोबर," ताईने दुसऱ्या दिवशी ऐकवलं. "मग गाडी काय अर्धी चालवू?"

त्यावर उपाय म्हणून तो एका गोष्टीला कबूल झाला. रविवारी ती सराव करेल तेव्हा शेजारी बसायचं. शेजारी बसण्यात मत येत नाही, असं त्याला वाटलं.

बंद पडलेल्या कारखान्यामागे एक रुंद, मोकळा रस्ता होता. ताई स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून, जिना चढत असल्यासारखी पुढे वाकून चालवत होती. तिने बाजूला बघितलं तर भाऊ गुडघे जुळवून बसलेला, मांडीवर पॅड.

"ते काय आहे?"

"सवय."

तासभर तो काही बोलला नाही. ताई विचारत होती, "हे ठीक झालं का?", "आता गिअर बदलू?", आणि शेवटी "छोटू, तुला बरं वाटत नाहीये का?" तो समोर बघत होता. सराव संपल्यावर मात्र त्याने तक्ता तिच्या हातात दिला. तिने पर्समधून चष्मा काढला आणि सगळ्या बाबी वाचल्या. एकोणीस फुल्या होत्या. खाली निरंक.

"हे सगळं झालं तेव्हा तू गाडीतच होतास ना?"

"हो."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"परीक्षक मध्ये बोलत नाही."

ताईने कागदाची चौपदरी घडी घातली आणि समोरच्या काचेवर साचलेली वाफ पुसली. शिकाऊ परवान्यावर तिला एकटीने गाडी न्यायची मुभा नव्हती, नाहीतर तिने त्याला तिथेच उतरवलं असतं. घरापर्यंत दोघंही गप्प होती. त्याचं गप्प राहणं रोजचंच. तिचं मात्र त्याला बोचत राहिलं.

त्याच आठवड्यात कार्यालयात नव्या मुख्य अधिकारी बाई आल्या. त्यांनी ठरवलं की प्रत्येक परीक्षकाच्या एका परीक्षेला आपण मागच्या सीटवर बसायचं. यादीत याचं नाव पहिलं. त्याला आनंदच झाला. आता वरिष्ठांनाही दिसेल, तटस्थता कशाला म्हणतात ते.

उमेदवार होता एक बेकरीवाला. आडव्या अंगाचा, गरीब स्वभावाचा, पहाटेची भट्टी उरकून थेट आलेला, कानाच्या पाळीला पीठ. पावाची गाडी स्वतः चालवता यावी म्हणून त्याला परवाना हवा होता. ही त्याची सहावी खेप, आणि आधीच्या पाचही याच परीक्षकाकडे. पहिल्या तीन वेळा का नापास झालो ते त्याचं त्यालाच समजलं होतं. एकदा फुटपाथवर चाक चढवलं, दोनदा चढावर गाडी मागे गेली. पण पुढच्या दोन्ही वेळा एकच गोष्ट झाली होती. फर्निचरच्या दुकानासमोर माल उतरवणारी लॉरी उभी होती, तिला वळसा घालताना त्याने सलग पांढरी रेषा ओलांडली. नापास. निरंक.

आजही तोच रस्ता, तेच दुकान, तशीच लॉरी. मागच्या फळ्या उघड्या आणि एक अवजड कपाट दोरखंडात अडकून अर्धवट बाहेर आलेलं.

बेकरीवाल्याने गाडी पुस्तकात दिलेल्या अंतरावर थांबवली. हँडब्रेक लावला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि तो थांबला.

एक मिनिट गेलं. दोन गेली. मागे हॉर्न सुरू झाले.

"साहेब, ओलांडू का?"

परीक्षक समोर बघत होता. समोर कपाट होतं.

"की थांबू?" बेकरीवाल्याने मानेवरचा घाम पुसला. "ओलांडली तर मागच्यासारखं नापास. आणि थांबलो तर वाहतुकीला अडथळा. अडथळ्याचीही बाब आहे ना साहेब तक्त्यात?"

"आहे," परीक्षक म्हणाला. ही माहिती होती, मत नव्हतं.

चार मिनिटं झाली. मागे एक बस येऊन थांबली होती. बसचा चालक खाली उतरला आणि त्याने काचेवर टकटक केली.

"काय, बंद पडली का?"

"नाही नाही, चालू आहे," बेकरीवाला म्हणाला. "परीक्षा चाललीय."

"कसली परीक्षा?"

"तेच कळत नाहीये."

बसचालकाने वाकून आत बघितलं. "अच्छा, भिंत आहे होय आत!" असं म्हणून तो जसा आला तसा परत गेला, जणू सगळ्याचा उलगडा झाला.

"भिंत?" परीक्षकाने विचारलं. बावीस वर्षांत त्याने उमेदवाराला विचारलेला हा पहिला प्रश्न.

बेकरीवाला ओशाळला. "ते ड्रायव्हिंग स्कूलवाले म्हणतात साहेब. म्हणजे, किती का बोला, तिकडून आवाज येत नाही. आणि शेवटी आपटतो तो आम्हीच. वाईट नाही म्हणत कोणी. नुसतं सांगतात, बाबा, आज भिंत आहे."

मागच्या सीटवर बाई खोकल्या. तो खोकला नव्हता, हे परीक्षकाला कळलं. सात-आठ वर्षं तो भिंत असल्याच्या जोरावर ताठ चालत होता.

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "गाडी तुम्ही चालवत असतात तर काय केलं असतंत?"

मी तटस्थ आहे, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण तो आज सकाळी याच रस्त्याने कामावर आला होता, आणि लॉरी तेव्हाही इथेच होती. त्याने काय केलं होतं? इंडिकेटर दिला होता, जरा थांबला होता, समोरून कोणी येत नाही बघून रेषा ओलांडली होती आणि पुढे गेला होता. वर, आपण गाडी किती छान चालवतो, हा विचार करत करतच तो कार्यालयात पोचला होता.

"ओलांडली असती," तो म्हणाला.

"म्हणजे नापास."

"हो."

"आणि थांबून राहिला असतात तर?"

"तरीही."

"मग या रस्त्यावर पास व्हायचं तर लॉरीवरून उडायला हवं."

"गाडी उडत नाही बाई," बेकरीवाला कळवळून म्हणाला.

बाईंनी हातातली नियमपुस्तिका उघडली. "इथे रेषेच्या नियमापुढे अजून एक वाक्य आहे. 'उभ्या अडथळ्यास वळसा घालतेवेळी परीक्षकाने तारतम्याने निर्णय करावा.' हे वाचलंय तुम्ही?"

वाचलं होतं. दर वर्षी वाचलं होतं. पण ते वाक्य कोणत्या चौकोनात बसवायचं ते न कळल्यामुळे तो दर वर्षी त्यावरून पुढे सरकत असे. तारतम्य म्हणजे पडद्यामागून कोणीतरी वशिला लावणार, असं त्याला वाटे. त्याऐवजी त्याने दोन चौकोन पकडून ठेवले होते. जिथे दोन चौकोन छापलेले होते तिथे खट्‌कन एकात खूण करायची, आणि जिथे छापलेले नव्हते तिथे झाडांना पाणी घालायला जायचं. दोन्हीला तो एकच नाव देत आला होता. त्या नावामुळे दोन्ही ठिकाणी एक फायदा झाला होता: समोरच्या माणसाकडे नीट बघायची वेळच आली नव्हती.

मागे आता हॉर्नचा नुसता गलका चालला होता.

"तुम्हाला लॉरीच्या पुढचं दिसतंय का?" त्याने बेकरीवाल्याला विचारलं.

"नाही ना साहेब."

"मग आधी दिसेल असं करा."

बेकरीवाल्याने हँडब्रेक सोडला. गाडी वीतभर पुढे, वीतभर बाजूला घेतली, मान लांब केली. एक सायकल समोरून येत होती, तिला जाऊ दिलं. मग इंडिकेटर देऊन, चालत्या माणसाच्या गतीने, रेषेवरून पलीकडे गेला आणि अलगद आपल्या बाजूला परत आला. मागून बसने एक लांब हॉर्न दिला. तो शिवीचा नव्हता.

इथे बेकरीवाला पास झाला असता तर बरं झालं असतं. पण तो इतका खूश झाला की पुढच्या चौकात, एका बाईंनी झेब्रा पट्ट्यांवर पाय टाकलेला असताना, हसत हसत त्यांच्यासमोरून निघून गेला.

परीक्षकाने 'नापास'वर खूण केली. नंतर मात्र त्याचं पेन शेऱ्याच्या रकान्यावर थांबलं. 'निरंक'चा 'नि' होऊनही गेला होता. त्याने तो खोडला आणि लिहायला लागला. लॉरीला वळसा घालताना संयम उत्तम. सायकलस्वाराचा विचार केला. चढावर आता चूक नाही. मनासारखं झालं की लक्ष उडतं, तेवढं सांभाळावं. रकाना संपला, तेव्हा समासात लिहिलं. मग गाडीतून उतरून त्याने तेच सगळं बेकरीवाल्याला तोंडी सांगितलं.

बेकरीवाला रडेल अशी त्याला धास्ती होती. बेकरीवाल्याने कागद दोनदा वाचला. "नापास झालो सहा वेळा साहेब," तो म्हणाला, "पण कळलं आजच." सातव्या खेपेला हसऱ्याने त्याला पास केलं.

यानंतर परीक्षक एका दिवसात शहाणा झाला, असं म्हणावं तर तसं झालं नाही. पुढचे दोन आठवडे तो इतका बोलू लागला की लोकांना त्याची भिंत बरी वाटायला लागली. 'या, बसा' तर झालंच, वर उन्हाचं विचारी, घरच्यांची चौकशी करी, क्लचविषयी आपले अनुभव सांगे. एका मुलीने शेवटी हळूच विचारलं, "काका, परीक्षा सुरू झालीय की अजून व्हायचीय?" हसऱ्याने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, एक गोळी पुरते. अख्खा डबा कशाला?"

ताईकडे जायला मात्र त्याला तीन रविवार लागले. गेला तेव्हा हातात पॅड नव्हतं, आणि ते नसलेले हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. भावोजी खिडकीशी खुर्चीत बसून रबरी चेंडू दाबत होते.

"ताई, चल. केंद्रापर्यंत जाऊन येऊ."

"मत घेऊन आलायस का?"

"अजून नाही. आधी बघतो."

ताईने त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि किल्ली घेतली.

या वेळी तो जेव्हाचं तेव्हा बोलला. आणि बोलायचं म्हटल्यावर बघणं आलं. ताई वळताना कोणालाही धसका देत नव्हती. पायी चालणाऱ्यांकडे तिचं लक्ष फार चांगलं होतं, त्याने पास केलेल्या निम्म्या लोकांपेक्षा चांगलं. बाजाराजवळच्या मोठ्या वर्तुळाकार चौकात मात्र ती थिजली. आणि गाडी मागे घेताना मान वळवत नव्हती.

"मान का वळवत नाहीस?"

"वळवते की."

"ताई."

ती जरा वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिली. "वळत नाही. दोन वर्षं झाली. ह्यांना उचलून बसवते ना, त्याने अजून धरलीय. आता हे तुझ्या बायकोला सांगू नकोस, आधीच ती..."

पूर्वी असतं तर ही तक्त्यातल्या सत्ताविसाव्या बाबीपुढची फुली. तीच फुली त्याने त्या रविवारी केलीही होती. मान का वळत नाही, हे विचारायला त्या तक्त्यात जागा नव्हती, आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात सगळे जमले. बायको आली होती, भाचा फोनवर होता, फोन टेबलावर मधोमध ठेवलेला. परीक्षकाने घसा साफ केला.

"माझं मत असं आहे," तो म्हणाला, आणि बायकोने हातातला चमचा खाली ठेवला.

"ताईने गाडी चालवावी. केंद्रापर्यंत, आणि दिवसा. अंधारात नको. पाऊस असेल तर नको, तेव्हा मी नेईन. बाजाराचा चौक तिला अजून जमत नाही, तिथे मी तिला दहा वेळा फिरवून आणेन, मग बघू. मागे घेण्यासाठी मोठा आरसा लावायचा आणि मानेसाठी भावोजींच्याच केंद्रात तिने नाव घालायचं."

"मान? मानेला काय झालंय?" बायको आणि भाचा एकदम म्हणाले. ताईने भावाकडे असं बघितलं की लहान असता तर त्याने टेबलाखाली आसरा घेतला असता.

मग तिघंही त्याच्यावर तुटून पडली. ताई म्हणाली, अंधाराची अट घालणारा तू कोण? बायको म्हणाली, मान वळत नाही आणि तरी चालवू द्या म्हणता? भाचा म्हणाला, मामा, तुम्हाला मी थांबवा म्हणालो होतो, वेळापत्रक करा म्हणालो नव्हतो. पूर्वी तो सगळ्यांच्या अर्धा अर्धा बाजूने असे आणि सगळे एकमेकांशी भांडत. आता तो कोणाच्याच पूर्ण बाजूने नव्हता आणि सगळे त्याच्याशी भांडत होते. त्याला घाम फुटला. गॅलरी त्याला दिसतही होती. पण तो बसून राहिला, प्रत्येकाला उत्तर देत गेला, आणि एका ठिकाणी बायकोचं म्हणणं पटलं म्हणून हट्ट सोडलाही: नवा आरसा बसल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही.

परीक्षा हसऱ्याने घेतली. ताई पहिल्या खेपेला मागे घेताना खांबाला चिकटली आणि नापास झाली. "बरोबर केलं का त्याने?" तिने फोनवर विचारलं. "मीही हेच केलं असतं," तो म्हणाला. तिने फोन आपटला. महिन्याभराने ती पास झाली. त्या दिवशी तिने त्याला फोन केला नाही, थेट बायकोला केला. बायकोने तो स्पीकरवर घेतला, म्हणून त्यालाही कळलं.

पहिल्या दिवशी केंद्राला जाताना ताई स्टिअरिंगला, शेजारी भावोजी आणि मागे हा. बाजाराच्या चौकात ताईला बाहेर पडायची वाट मिळेना, म्हणून तिने पूर्ण एक फेरी जास्तीची मारली. फळवाला दुसऱ्यांदा दिसला तेव्हा भावोजींनी त्याला डावा हात केला.

तासभर व्यायाम केला भावोजींनी, पण दमली होती ताई. "येताना तू चालव छोटू," ती म्हणाली आणि मागे बसली.

तो मोठ्या तोऱ्यात बसला. पण किती वर्षांत त्याच्या गाडीत त्याच्याकडे बघणारं कोणी बसलं नव्हतं, हे पहिल्याच वळणावर त्याच्या लक्षात आलं. "इंडिकेटर उशिरा दिलास," मागून ताई म्हणाली. "क्लचवरचा पाय काढ. मला शंभरदा सांगतोस." त्याने पाय काढला. "आरसा कोण बघणार?" त्याने आरसा बघितला. त्यात ताई होती, चष्मा लावून.

सिग्नलला गाडी थांबली. भावोजींचे ओठ मघापासून हलत होते. शब्द जुळवत असले की ते असे करत, म्हणून दोघंही वाट बघत राहिली. भावोजींनी डावा हात डॅशबोर्डवर ठेवला, मेहुण्याकडे मान वळवली आणि एकेक शब्द नीट मांडत म्हणाले, "याला... पास... कोणी... केलं?"

ताई इतकी हसली की तिला सीटचा आधार घ्यावा लागला. सिग्नल हिरवा झाला, परीक्षकाने गडबडीत क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. मागे हॉर्न वाजू लागले.

त्याने किल्ली फिरवली. "एक म्हातारे परीक्षक होते भावोजी," तो म्हणाला. "तिसऱ्या खेपेला केलं त्यांनी पास."

"तिसऱ्या?" ताईचं हसू थांबलं. "घरी तर तू पहिल्याच खेपेला म्हणाला होतास! बाबांनी पेढे वाटले होते अख्ख्या मजल्यावर!"

"हो," तो म्हणाला. "दोनदा खांब पाडला होता. तू चिकटलीस तोच."

गाडी सुरू झाली. मागे ताईने पर्समधून फोन काढला होता, आणि ती त्याच्या बायकोचा नंबर शोधत होती.